लहान मुलांचा श्वास आणि फवाऱ्याचें औषध

(नभोवाणीवरून केलेलें भाषण)



लहान मुलाला धाप लागली, त्याच्या छातींतून शिटीसारखा बारीक आवाज येऊं लागला, कीं आपल्या घरांतून एकच शब्द उच्चारला जातो, आणि तो म्हणजे ‘बाळदमा’. शब्द सोयीचा आहे व पुष्कळ वेळां तो बरोबरही असतो. परंतु याच शब्दाच्या आडोशाला एक निराळा, याहून फार क्रूर असा रोग दडून राहतो, आणि कित्येक घरीं त्याची ओळख पटण्यापूर्वींच मूल हातचें गेलेलें असतें. त्या रोगाला डॉक्टरमंडळी ‘सिस्टिक फायब्रोसिस’ म्हणतात. आपणही तेंच नांव वापरूं. या रोगाच्या मुलांना श्वासावाटे जें औषध ओढावयास देतात, ज्याला दवाखान्यांत आणि बाजारांत सर्वजण ‘पंप’ म्हणतात, त्याच्या उपयोगाविषयीं आणि मर्यादेविषयीं मला आज बोलावयाचें आहे.

मी वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शाळामास्तर आहें. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यांत, नगरहून, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरहून, बीडकडे जाणाऱ्या वाटेवर कडा नांवाचें गांव आहे. २०२२ च्या सप्टेंबरांत नगर–आष्टी रेल्वे सुरू झाली, तेव्हां आपल्यापैकीं कांहींनीं तें नांव प्रथमच स्थानकाच्या पाटीवर वाचलें असेल. माझें आयुष्य त्याच मुलखांत मुलांना शिकविण्यांत गेलें. मग मास्तरानें या विषयांत कां पडावें, असें कोणी विचारील. त्याचें कारण साधें आहे. आजारी मूल डॉक्टरांसमोर वर्षांतून एकदोन वेळां दहा मिनिटें बसतें. मास्तरासमोर तें रोज पांच तास बसतें. डॉक्टरांनीं सांगितलेलें वाचावें, न समजलें तर त्यांनाच पुन्हां विचारावें, आणि वर्गांत जें दिसतें त्याच्याशीं तें ताडून पाहावें, एवढाच माझा या विषयांतील अधिकार.

वर्गांत बसून खोकल्याचेही प्रकार कानाला ओळखूं येऊं लागतात. ज्वारीच्या मळणीच्या दिवसांत धुळीनें येणारा कोरडा ठसका निराळा. हिंवाळ्यांत अर्ध्या वर्गाला एकदमच होणाऱ्या पडशाचा खोकला निराळा. आणि श्रावण असो कीं चैत्र असो, बारा महिने छातींत घरघरणारा, घट्ट कफाचा, दिवाळीच्या सुटींत आणि उन्हाळ्याच्या सुटींतही न थांबणारा खोकला अगदींच निराळा. असा खोकला असलेलें मूल पुष्कळदां दुसऱ्याच्या डब्यांतलेंही खातें, आणि तरी त्याच्या अंगाला मांस धरत नाहीं. तें वारंवार शौचास जाण्याची परवानगी मागतें, आणि मागतांना लाजतें. कारण त्याच्या मळाला तेलकटपणा व असह्य दुर्गंधी असते व मुलें त्याला हंसतात. पाटीवर लिहितांना त्याच्या बोटांकडे पाहिलें तर बोटांचीं टोकें ढोल वाजविण्याच्या टिपरीसारखीं गोल फुगलेलीं दिसतात. आणि मार्च-एप्रिलचें ऊन तापलें म्हणजे त्याच्या कपाळावर घाम वाळून मिठाचा पांढुरका थर राहतो. हीं सर्व चिन्हें एकाच मुलांत एकत्र दिसलीं तर तो निव्वळ दमा आहे असें मानून स्वस्थ बसतां येणार नाहीं.

अशा मुलाला प्रथम दम्याचें औषध मिळतें. त्यानें पुरता गुण येत नाहीं असें दिसलें म्हणजे कोणीतरी क्षयाची शंका घेतो, आणि सहा महिने क्षयाच्या गोळ्या पोटांत जातात. आपल्या देशांत क्षयाचा प्रादुर्भाव इतका आहे कीं शंका घेणाऱ्याला दोष देववत नाहीं. शिवाय हा रोग गोऱ्या लोकांचा, आपल्याकडे तो नसतोच, ही समजूत सुशिक्षित वर्गांत आणि पुष्कळ अंशीं वैद्यकांतही दीर्घकाळ रुजलेली होती. ती समजूत खरी नव्हे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंत डॉ. काब्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशा भारतीय बालकांचा अभ्यास वर्षानुवर्षें केला आहे. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयांतील संशोधकांनीं भारतीय रुग्णांतील जनुकदोष हुडकण्याच्या रीतीविषयीं २००५ सालीं निबंध प्रसिद्ध केला. युरोपांतील बहुसंख्य रुग्णांत जो एक विशिष्ट जनुकदोष आढळतो तो आपल्याकडील रुग्णांत त्या मानानें कमी आढळतो. म्हणून केवळ तेवढाच दोष तपासून ‘रोग नाहीं’ असें म्हणणें आपल्या मुलांच्या बाबतींत धोक्याचें आहे.

हा रोग स्वतंत्र म्हणून प्रथम नीट वर्णन केला तो न्यूयॉर्कच्या डॉ. डोरोथी अँडरसन या बाईंनीं, १९३८ सालीं. पुढें १९४८ च्या उन्हाळ्यांत त्या शहरांत उष्णतेची मोठी लाट आली, आणि उन्हानें ग्लानि येऊन रुग्णालयांत आणलेल्या बालकांत या रोगाचीं बालकें नजरेंत भरण्याइतकीं अधिक निघालीं. त्यावरून डॉ. पॉल दि सांत’आन्येसे यांनीं त्यांच्या घामाची परीक्षा केली आणि १९५३ मध्यें जाहीर केलें कीं या मुलांच्या घामांत मीठ फार जातें. युरोपांतील खेड्यांतल्या आयाबायांना ही गोष्ट शेंकडों वर्षें ठाऊक होती. ज्या मुलाच्या कपाळाचा मुका घेतांना खारट लागतें तें मूल जगत नाहीं, अशी तिकडे लोकसमजूतच होती. विज्ञानाला जें सिद्ध करावयास १९५३ साल उजाडावें लागलें, तें एखाद्या आईच्या ओठांना आधींच कळलेलें असतें. आजही आई म्हणाली कीं ‘आमचा बाळ्या खारट लागतो’, तर तिला हंसूं नये. घामांतील क्लोराइड मोजण्याची विजेच्या सूक्ष्म प्रवाहाची पद्धति १९५९ पासून जगभर चालू आहे. दर लिटरला ६० मिलिमोल अथवा अधिक क्लोराइड निघालें तर रोगाचा संशय जवळजवळ निश्चयांत बदलतो. तिचीं परदेशी यंत्रें महाग. म्हणून दिल्लीच्या वरील संस्थेनें घाम गोळा करण्याची एक देशी रीत बसवून २००२ मध्यें ती प्रसिद्ध केली. परीक्षा दुखत नाहीं, सुईही टोंचावी लागत नाहीं.

आतां फुप्फुसांत काय घडतें तें पाहूं. शेताला पाटाचें पाणी वाहतें असलें म्हणजे गाळ आपोआप पुढें जातो. पाणी आटलें कीं तोच गाळ जागच्या जागीं बसून दगडासारखा होतो. आपल्या श्वासनलिकांच्या आंतल्या बाजूस असाच एक पातळ ओलावा नेहमीं वाहत असतो, आणि हवेबरोबर आलेली धूळ व जंतु त्यावरून वाहून घशाकडे येतात. या रोगांत पेशींमधील मिठाचें जाणें-येणें सांभाळणारें दार जन्मतःच सदोष असतें. दाराच्या जनुकाचा शोध १९८९ मध्यें लागला. दार नीट न उघडल्यामुळें ओलावा आटतो, कफ डिंकासारखा चिकट होतो, त्यांत जंतु घर करतात, आणि वारंवार पू होऊन नलिकांच्या भिंती झिजतात व फुगतात. स्वादुपिंडाच्या वाटाही अशाच तुंबतात. म्हणून अन्नांतील स्निग्धांश पचत नाहीं आणि मूल खाऊनही वाळतें. दोष आई व बाप या दोघांकडूनही यावा लागतो. दोघेही वरून अगदीं निरोगी असूं शकतात, आणि तरी त्यांच्या प्रत्येक अपत्याला रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. मामाच्या मुलीशीं लग्न करण्याची आपल्या समाजांत चाल आहे. एकाच रक्ताचीं माणसें एकत्र आलीं म्हणजे असे दडलेले दोष एकमेकांना भेटण्याचा संभव वाढतो. हें मी टीका म्हणून सांगत नाहीं. परंतु ज्या घरीं एक मूल असें झालें आहे, त्या घरीं पुढचें मूल होण्यापूर्वीं वैद्यकीय सल्ला घेणें अत्यंत अगत्याचें आहे.

मग पंपाचें काय काम? येथें थोडा इतिहास सांगावासा वाटतो, कारण त्यांत आपल्या मातीचा भाग आहे. उकिरड्यावर उगवणारा धोत्रा आपण सर्वांनीं पाहिला आहे. त्याचीं वाळलेलीं पानें चिलमींतून ओढणें हा दम्यावरचा उपाय आपल्या देशांत पूर्वापार चालत आला. १८०२ सालीं मद्रासचे डॉ. अँडरसन यांच्याकडून तो जनरल जेंट यांना कळला, आणि त्यांच्यामार्फत स्कॉटलंडच्या वैद्यांपर्यंत पोंचला. पुढें धोत्र्याच्या कुळांतील वनस्पतींतून अट्रोपीन वेगळें करण्यांत आलें, आणि त्यांत सुधारणा करून बनविलेलें इप्राट्रोपियम आज पंपांतून देतात. (धोत्रा हें जहाल विष आहे. माझें बोलणें ऐकून कोणीं पानें ओढण्याच्या भरीस पडूं नये.) दुसरी शाखा अॅड्रिनलीनच्या जातीच्या औषधांची. तिच्यांतूनच ब्रिटनमधील डेव्हिड जॅक यांच्या मंडळींनीं साल्ब्युटामॉल शोधलें व १९६९ मध्यें तें बाजारांत आलें. डबींत दाबून भरलेल्या फवाऱ्याची कल्पना मात्र एका तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीची. अमेरिकेंतील रायकर या औषध कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या त्या मुलीनें बापाला विचारलें कीं केसांवर मारावयाच्या सुगंधी फवाऱ्याप्रमाणें माझें औषध डबींत कां भरतां येत नाहीं. आणि १९५६ मध्यें असा पहिला पंप विक्रीस आला. आपल्याकडे मुंबईच्या सिप्ला कंपनीनें १९७६ सालीं अशा फवाऱ्यांचें उत्पादन बाजारांत आणलें.

इतक्या वर्षांनंतरही पंपाची भीति गेलेली नाहीं. ‘गुरुजी, पंप एकदां लावला कीं जन्माचा लागला,’ असें आमच्याकडील आया म्हणतात. आणि शहरांतील पदवीधर घरांत हेंच वाक्य किंचित् शुद्ध भाषेंत ऐकूं येतें. मृगाच्या मुहूर्तावर हैदराबादेस जाऊन जिवंत मासळीच्या तोंडांतलें औषध गिळणारे आमच्या मराठवाड्यांत पुष्कळ. बीड जिल्हा निजामाच्या राज्यांत होता, त्यामुळें तिकडची वाट आमच्या लोकांना जुनी परिचयाची. त्या औषधाला ते भीत नाहींत, पंपाला भितात. येथें मास्तरकीचें साधें गणित उपयोगी पडतें. साल्ब्युटामॉलच्या पंपाच्या एका दाबांत १०० मायक्रोग्रॅम औषध असतें. तेंच औषध गोळीच्या रूपानें घेतलें तर चार मिलिग्रॅमच्या एका गोळींत ४,००० मायक्रोग्रॅम असतें. म्हणजे एक गोळी बरोबर चाळीस दाब. गोळी सर्व शरीरभर हिंडून मग फुप्फुसांत पोंचते. हात थरथरतात, छाती धडधडते. पंप थेट जागेवर जातो, पांच मिनिटांत गुण दाखवूं लागतो, आणि चार ते सहा तासांत त्याचा अंमल उतरतो. ज्याला लोक ‘तीव्र’ म्हणतात तो मात्रेनें चाळीसपट सौम्य आहे. त्याची नशेसारखी संवयही जडत नाहीं.

परंतु आतां मी माझ्या विषयाच्या गाभ्याशीं येतों, आणि येथें मला पंपाची बाजू सोडून थोडें उलट बोलावें लागणार आहे.

दम्यांत श्वासनलिकेभोंवतीं असलेले स्नायूंचे वेढे आवळले जातात. पंपाचें औषध ते वेढे सैल करतें. वाट मोकळी होते. मूल हंसूं लागतें. सिस्टिक फायब्रोसिसमध्यें वाट तुंबते ती मुख्यतः आंतल्या चिकट कफानें आणि सुजेनें. स्नायूंचा वांटा कांहीं मुलांत मोठा असतो, कांहींत थोडा, कांहींत जवळजवळ नसतोच. ज्या मुलांना या रोगाबरोबर दम्याचीही प्रवृत्ति असते त्यांना पंपाचा उघड लाभ होतो. उलट कांहीं थोड्या मुलांना पंप घेतल्यावर श्वास अधिकच कोंडल्यासारखा होतो, ही गोष्ट डॉक्टरांनीं यंत्रावर मोजून पाहिलेली आहे. त्याचें कारण लक्षांत घेण्यासारखें आहे. मांडवाचें कापड जुनें होऊन लोळूं लागलें म्हणजे तो केवळ ताणलेल्या दोऱ्यांवर उभा राहतो. अशा वेळीं दोऱ्या सैल केल्या तर कापड खालीं येतें. वर्षानुवर्षांच्या पुवानें ज्या नलिकांच्या भिंती लुळ्या झाल्या आहेत, त्यांना स्नायूंचा ताण हाच आधार उरलेला असतो. तो सैल केला तर उच्छ्वास टाकतांना व खोकतांना नलिका मिटते आणि कफ आंतच राहतो.

म्हणून या मुलांच्या बाबतींत ‘पंप चांगला कीं वाईट’ हा प्रश्नच चुकीचा मांडलेला असतो. या मुलाला, या अवस्थेंत, पंपानें किती फरक पडतो, हें मोजावें लागतें. पांच-सहा वर्षांच्या पुढील मूल यंत्रांत जोरानें फुंकूं शकतें. औषधापूर्वीं एकदां फुंकवितात, औषध देऊन सुमारें पंधरा मिनिटांनीं पुन्हां फुंकवितात, आणि दोन्ही आंकडे शेजारीं ठेवतात. ही परीक्षा एकदां करून प्रमाणपत्र जन्मभर भिंतीवर लावावयाचें नसतें. मूल वाढतें, रोग बदलतो, आंकडेही बदलतात. श्वासावाटे देण्याच्या अशा अल्पकाळ टिकणाऱ्या औषधांवर झालेल्या सर्व प्रयोगांची छाननी ‘कॉक्रेन’ या प्रसिद्ध समीक्षामालेंत २०२२ सालीं झाली. तिचा निष्कर्ष असा कीं झालेले प्रयोग थोडे, लहान आणि अल्पकालीन आहेत. त्यांच्या बळावर सर्वच रुग्णांसाठीं एक नियम बांधतां येत नाहीं. इतक्या जुन्या आणि इतक्या सर्रास वापरांतल्या औषधाची ही स्थिति पाहून आपल्याला आश्चर्य वाटेल. मला तरी वाटलें.

मग या रोगांत पंप पुष्कळ ठिकाणीं रोज कां देतात? तो दार उघडण्यासाठीं. खरें काम त्यानंतर व्हावयाचें असतें. ऑस्ट्रेलियांत समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन खेळणाऱ्या अशा कांहीं रुग्णांचीं फुप्फुसें इतरांहून बरीं राहतात, असें तेथील डॉक्टरांच्या लक्षांत आलें. समुद्राचें खारें पाणी श्वासाबरोबर आंत जात असावें व कफ पातळ होत असावा, असा त्यांनीं तर्क केला. तेथें १६४ रुग्णांवर ४८ आठवडे प्रयोग करून २००६ मध्यें त्याचा निकाल प्रसिद्ध झाला: सात टक्के मिठाच्या पाण्याचें सूक्ष्म तुषार दिवसांतून दोनदां घेणाऱ्यांना रोगाचे झटके कमी आले. मात्र असलें तीव्र खारें पाणी श्वासनलिकांना झोंबतें व त्या आकसतात. म्हणून त्या प्रयोगांत प्रत्येक वेळीं आधीं पंपाचें औषध देण्यांत आलें होतें. हाच क्रम आतां सर्वमान्य झाला आहे. प्रथम पंप, थोड्या वेळानें खाऱ्या पाण्याचे तुषार, त्यानंतर छाती थापटणें, दीर्घ श्वास, तोंड उघडून ‘हा’ असा जोराचा उच्छ्वास, आणि खोकून कफ बाहेर काढणें, आणि जंतुनाशक औषध श्वासावाटे द्यावयाचें असेल तर तें सर्वांत शेवटीं, वाट स्वच्छ झाल्यावर. डोकें खालीं लोंबकळवून थापटण्याची जुनी रीत तान्ह्या बाळांच्या बाबतींत आतां टाळतात. सारें व्हावयास सकाळीं अर्धापाऊण तास आणि संध्याकाळीं तितकाच. कंटाळा येतो. आईला येतो, मुलाला येतो. आणि कंटाळ्यानें जें प्रथम गळतें तें थापटणें. जें टिकतें तें पंप, कारण तो दोन मिनिटांत उरकतो व मुलाला तात्पुरतें बरें वाटतें. दार रोज उघडावयाचें आणि घर कधींच झाडावयाचें नाहीं, असा हा प्रकार होतो.

पंप नीट कसा घ्यावा याविषयीं शहरांतील घरांतही पुष्कळ अज्ञान दिसतें. लहान मुलाच्या तोंडांत पंप नुसता धरून दाबला तर बहुतेक औषध जिभेवर आणि घशांतच राहतें. पंपाला स्पेसर, म्हणजे मधला पोकळ डबा, लावावा. अगदीं लहान मुलाला त्यावर नाक व तोंड झांकणारा मास्क लावावा. पंप हलवून घ्यावा, मास्क चेहऱ्याला घट्ट बसवावा, एकच दाब द्यावा, आणि मुलाला शांतपणें पांच-सहा श्वास घेऊं द्यावे. दुसरा दाब द्यावयाचा असल्यास अर्धा मिनिट थांबून पुन्हां तसेंच. मूल आक्रोश करीत असतां दिलेलें औषध फारच थोडें आंत जातें. म्हणून आधीं रिकाम्या स्पेसरशीं त्याला खेळूं द्यावें. स्पेसर विकत घेण्याची ऐपत नसेल तर? दक्षिण आफ्रिकेंतील केपटाउन येथें डॉ. हेदर झार यांनीं दमेकरी बालकांवर प्रयोग करून १९९९ मध्यें दाखवून दिलें कीं अर्ध्या लिटरची प्लास्टिकची साधी बाटली, तिच्या बुडाला पंपाचें तोंड घट्ट बसेल एवढें छिद्र पाडून वापरली, तर ती विकतच्या स्पेसरच्या तोडीचें काम देते. बाटली साबणाच्या पाण्यानें धुवावी व तशीच निथळूं द्यावी. फडक्यानें पुसूं नये, कारण पुसल्यानें प्लास्टिकवर वीज भारते आणि औषध भिंतीला चिकटून बसतें. खेड्यांत या बाटलीचें आणखी एक महत्त्व आहे. वाफेच्या यंत्राला, म्हणजे नेब्युलायझरला, वीज लागते, आणि वीज आमच्याकडे मुलाच्या धापेची वेळ पाहून येत नाहीं.

त्या यंत्राला ‘वाफ’ म्हणण्याचा प्रघात पडल्यामुळेंही घोटाळा होतो. पातेल्यांतील उकळत्या पाण्याची वाफ ही निराळी वस्तु. तिच्यांत औषध नसतें, आणि पातेलें कलंडून मुलें भाजतात. नेब्युलायझरमधून येतात ते औषधाचे थंड तुषार. आणि या रोगाच्या मुलाच्या घरीं त्या यंत्राची स्वच्छता देवघराइतकी कडक पाळावी लागते. औषधाची वाटी व मास्क प्रत्येक वेळीं धुवून वाळवावे. जे भाग उकळतां येतात ते उकळून घ्यावे. ओलसर राहिलेल्या वाटींत जे जंतु वाढतात नेमके तेच या मुलांच्या फुप्फुसांचे वैरी असतात. शेजारच्या मुलाला यंत्र उसनें देण्याचा उदारपणा येथें करूं नये.

आमच्या भागाची एक अडचण शहरांतील श्रोत्यांना सहसा ठाऊक नसते. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यांतून लक्षावधि माणसें ऊसतोडीला बाहेर पडतात, तीं उन्हाळ्याच्या तोंडाशीं परततात. बरोबर लहान मुलें असतात. कोपीवर राहणें, चुलीचा धूर, उसाच्या फडांतील धूळ, आणि पहांटेचें गारठ्यांतलें गाडी भरणें. शाळा सुटते हें आम्हां मास्तरांना दिसतें. औषध सुटतें हें कोणाच्या नोंदवहींत दिसत नाहीं. ज्या डॉक्टरांनीं मुलाला तपासलें ते एका जिल्ह्यांत, मूल दुसऱ्या जिल्ह्यांत, आणि फडाजवळच्या दवाखान्यांत नवा डॉक्टर पहिल्यापासून प्रारंभ करतो: पुन्हां बाळदमा, पुन्हां खोकल्याची बाटली. अशा मुलाच्या आईजवळ रोगाचें नांव, रोजच्या औषधांचा क्रम आणि तपासणीचे आंकडे मराठींत लिहिलेला एक कागद प्लास्टिकच्या पिशवींत असावा. आणि तो लिहून देण्याचें काम दवाखान्यांत होत नसेल तर तें मास्तरानें करावें, कारण अक्षर हें आमचें भांडवल आहे. आपण जी साखर चहांत घालतां ती या मुलांच्या आईबापांच्या हातून आलेली असते, एवढें मी जातां जातां सांगून ठेवतों.

रोगाच्या मुळाशीं असलेलें दारच दुरुस्त करणारीं औषधें आतां निघालीं आहेत. तीन औषधांची एक जोडगोळी २०१९ मध्यें अमेरिकेंत मान्य झाली, आणि तिच्यामुळें तिकडील पुष्कळ रुग्णांचें आयुष्य पालटलें. तेव्हां तिची वर्षाची किंमत तीन लाख डॉलरांहून अधिक ठरविण्यांत आली. आमच्या कड्याच्या बाजारांत त्या आंकड्याचा अर्थ कोणालाही सांगतां येणार नाहीं. ज्यांच्यापर्यंत तें औषध पोंचलेलें नाहीं, त्यांचें आयुष्य पंप, मिठाचें पाणी, थापटणें, पचनाच्या गोळ्या, पोटभर स्निग्ध अन्न आणि जंतुनाशकें यांवर, आणि तीं रोज नेमानें करणाऱ्या माणसावर अवलंबून असतें.

उन्हाळ्याविषयीं एक गोष्ट सांगतों. निरोगी मुलाला उन्हांत पाणी पुरतें. या मुलाच्या घामावाटे मीठ निघून जातें, आणि नुसतें पाणी पाजलें तर त्याची ग्लानि वाढतेच. न्यूयॉर्कच्या एका लाटेनें जें शिकविलें तें आमच्या चैत्र-वैशाखाला दरवर्षीं लागू आहे. डॉक्टरांना विचारून त्याच्या आहारांत अधिक मीठ ठेवावें, आणि शाळेंत जातांना त्याच्या पाण्याच्या बाटलींत मीठ-साखर घातलेलें पाणी द्यावें. वर्गशिक्षकानें त्याला बाटली केव्हांही तोंडाला लावूं द्यावी, शौचास जाण्याची परवानगी त्यानें सर्वांदेखत न मागतां मिळावी, पंप त्याच्या दप्तरांतच राहूं द्यावा, कपाटांत कुलुपांत ठेवूं नये. आणि तो खोकूं लागला तर ‘गप्प बैस’ म्हणूं नये. त्यानें खोकणें हेंच त्याचें औषध आहे, हें बाकीच्या मुलांनाही एकदां समजावून सांगावें. मुलें लवकर समजतात. पालकसभेंत मात्र तेंच दोनदां सांगावें लागतें.